पुआ कुंबू : घराण्याच्या नावावरचे वस्त्र

ज्या घरात आजीची पैठणी किंवा पाटणचे पटोळे अजून जपून ठेवलेले आहे, त्या घरास बोर्निओ बेटावरील इबान लोकांच्या ‘पुआ कुंबू’ची महती समजावून सांगण्यास फारसे श्रम पडू नयेत. पुआ म्हणजे पांघरूण, कुंबू म्हणजे गुंडाळणे. पण हे पांघरूण थंडीसाठी नव्हे. मलेशियाच्या सारावाक राज्यात नदीकाठच्या लांबलचक सामायिक घरांतून राहणारे इबान लोक नवजात बालकाला प्रथम नदीवर स्नानास नेतात तेव्हा पुआ लागतो. ‘गावाई’ या उत्सवात नैवेद्यावर व भिंतींवर पुआ लागतो. आणि मृतदेहाभोवती आडोसा करण्यासही पुआच लागतो. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक वळणावर हे वस्त्र हजर असते.

ते विणण्याची रीत आपल्या व्यापारी परंपरेस सर्वथा अपरिचित नाही. विणण्यापूर्वीच धाग्यांच्या जुड्या नक्षीनुसार घट्ट बांधायच्या आणि मग रंगवायच्या. बांधलेला भाग कोरा राहतो. या पद्धतीचे जगभर रूढ झालेले ‘इकत’ हे नावच मलय भाषेतील ‘बांधणे’ या अर्थाच्या शब्दावरून आले. पटोळे याच कुळातले. राजा कुमारपाळाने बाराव्या शतकात साळवी विणकरांची सातशे कुटुंबे जालन्याहून पाटणला नेली, असे परंपरा सांगते. पुढे गुजराती व्यापाऱ्यांनी पटोळी पूर्वेकडील बेटांवर नेली आणि तेथील कित्येक घराण्यांनी ती वारसा म्हणून जतन केली. भेद इतकाच की पटोळे रेशमी असून त्याचे उभे-आडवे दोन्ही धागे बांधून रंगवतात; पुआ मुळात सुती, आणि त्याचे फक्त उभे धागे बांधतात. मागही साधा असतो : एक टोक खांबाला, दुसरे विणकरणीच्या कमरेला.

खरी परीक्षा विणण्यात नसून रंग देण्यात असते. पुआचा गडद तांबडा रंग ‘एंगकुडू’ झाडाच्या मुळांतून निघतो. हे झाड म्हणजे आपली बारतोंडी, जिला हल्ली नोनी म्हणतात. जाड्याभरड्या खारव्यालाही पूर्वी याच कुळातील झाडांचा रंग देत. परंतु सुती धागा हा रंग सहजी धरत नाही. त्यासाठी धागे आधी मीठ, आले व वनस्पतींची तेले यांच्या मिश्रणात भिजवून दिवसा उन्हात व रात्री दवात ठेवावे लागतात. या विधीला ‘न्गार’ म्हणतात. प्रमाण चुकले तर महिनोन्‌महिने खपून कातलेले सूत वाया जाते. हे प्रमाण अचूक जाणणाऱ्या स्त्रीला समाजात सर्वोच्च मान मिळे आणि न्गारला ‘कायाऊ इंदू’, म्हणजे स्त्रियांची युद्धमोहीम, असे म्हणत.

युद्धाची ही उपमा केवळ अलंकार नव्हती, हे झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पूर्वी इबान पुरुष शत्रूचे शीर कापून आणत आणि स्त्रिया ते पुआमध्ये स्वीकारत. अहिंसेचा संस्कार असलेल्या मनाला हे वाचून क्लेश होणे स्वाभाविक आहे. १८४१ पासून सारावाकवर ब्रूक घराण्याची सत्ता आली, प्रथेस हळूहळू आळा बसला आणि ती केव्हाच लयाला गेली. वस्त्र मात्र राहिले. ज्या वस्त्राने एकेकाळी शीर स्वीकारले, तेच बालकाला पांघरणारे होते. म्हणून प्रथेसोबत ते टाकून देण्याची गरज इबानांना भासली नाही.

मालकीचा प्रश्न व्यापारी कुटुंबांना विशेष रुचेल. सामायिक घरात प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र भाग असतो, त्याला ‘बिलिक’ म्हणतात. जुने मर्तबान, घंटा आणि पुआ ही बिलिकची ठेव असते, एकट्या व्यक्तीची नव्हे. तिची देखभाल करणारा ‘पुन बिलिक’ आपल्या अविभक्त कुटुंबाच्या कर्त्यासारखाच; पण विवाहानंतर बिलिकमध्ये राहणारे अपत्य मुलगा असो वा मुलगी, वारसा पुढे चालवण्यास दोघेही सारखेच पात्र. आपल्याकडे अविभक्त मालमत्तेत मुलीस जन्मतः समान हक्क देणारी केंद्रीय दुरुस्ती २००५ साली झाली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

अशी ठेव विकली जाते तेव्हा नेमके काय जाते? संग्राहक वय, रंग आणि कापडाची स्थिती पाहून किंमत ठरवतो. व्यवहार चोख होतो. परंतु श्रेष्ठ पुआला स्वतःचे स्तुतिपर नाव असते आणि ते विणणारीलाच व तिच्या वारसांना ठाऊक असते. ते कोणत्याही पावतीवर उतरत नाही. केंब्रिजच्या संग्रहातील इबान वस्त्रांवर हॅडन व स्टार्ट यांचा ग्रंथ १९३६ साली निघाला. त्यात नक्ष्यांची नावे परिश्रमाने नोंदली आहेत. तरी पुढील अभ्यासकांना त्या नावांचा फेरविचार करावा लागला, कारण नक्षीला दिलेले नाव आणि त्या आकृतीचा अर्थ या दोन वेगळ्या बाबी निघाल्या. शिवाय मुली आईचा किंवा आजीचा पुआ समोर उलगडूनच गाठी मारावयास शिकत. नक्षीची वही नसतेच. जुने वस्त्र हीच वही. ती विकली की नातीचा नमुनाही गेला.

आज कुचिंग शहरातील तुन जुगाह प्रतिष्ठान ही विद्या शिकवते. कापित भागातील रुमाह गारे येथील स्त्रिया विक्रीसाठी रेशमावरही इकत करतात. विणकामातून घरखर्च चालत असेल तर त्यात कमीपणा कसला? नवे वस्त्र विकण्यासाठीच विणलेले असते, त्यामुळे त्याचा सौदा मोकळेपणाने करता येतो. ज्या बिलिकमध्ये जुना पुआ अजून शिल्लक आहे, तेथे तो सणाला बाहेर काढतात, आणि नव्या धाग्यांना गाठी मारण्यापूर्वी पुन्हा एकदा उलगडून पाहतात.