गेलेले पाहुणे आणि राहिलेले शेजारी

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या सुमारे ५,००० निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने घरादारातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलेल्या या लोकांत बहुतेक बायका व मुले होती. कोल्हापूरने त्यांना थारा दिला, पुढे त्यांचे स्मारक उभारले, आणि २०१९ साली वळिवड्यासही स्मृतिस्तंभ झाला. हे सर्व उचितच झाले. परंतु पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले व छावणीचे गांधीनगर झाले, हे त्या स्मारकाचे कौतुक करणाऱ्यांपैकी कितीजण सांगतात?

आम्ही माजिवड्याचे रहिवासी. आमच्या ठाणे जिल्ह्यातील गोष्ट तर याहून मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी बराकी बांधल्या गेल्या. फाळणीनंतर त्यांत सुमारे १,००,००० सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी ‘कॅम्प’ हा शब्द अद्याप आहे. पण तो का, असे आम्ही सुशिक्षित म्हणविणारे कधी विचारतो काय? आमच्या पदरी या गावाविषयी काय आहे, तर नकली मालावरील ‘यू.एस.ए.’ची ती शिळी कोटी!

कोणी म्हणतील, वस्तुसंग्रहालयात शिलाहारांचे ताम्रपट असावेत. बराकीत पाहण्यासारखे काय आहे? आमचे उत्तर असे की, ताम्रपट म्हणजे तरी जमीन कोणी कोणास दिली याचाच दाखला ना? मग बराकीची भिंत, शिधापत्रिका, सिंधमधल्या सोडलेल्या घराची किल्ली, हाही दाखलाच होय. दुसरे कोणी काचेच्या कपाटात झुलेलालाची मूर्ती व भरजरी पोशाख मांडून ‘सिंधी संस्कृती’ दाखविल्याचे समाधान मानतील. आम्हांस तेही मान्य नाही. ज्यांनी प्रांत गमावला त्यांचा सण तेवढा दाखवावा आणि शोक झाकावा, हा सत्कार नव्हे.

आणि यजमानांचे काय? कल्याणजवळ नेवाळी येथे युद्धकाळात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून जून २०१७ मध्ये त्यांच्या वारसांचे आंदोलन पेटले. म्हणजे ज्यास आपण ‘युद्धस्मृती’ म्हणतो, ती येथे अजून शिळी झालेली नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, जिल्ह्याच्या संग्रहालयात सैनिक, निर्वासित आणि शेतकरी या तिघांची हकीकत एकाच दालनात, एकाच नकाशावर मांडावी. परत गेलेल्या पाहुण्याचा गौरव करणे सोपे असते. तो काही मागत नाही. शेजारी मात्र येथेच राहतो, मतदान करतो, दुकान मांडतो, हक्क सांगतो. त्याची आठवण ठेवण्यातच आपल्या औदार्याची खरी परीक्षा आहे, आणि तीत आम्ही मराठी सुशिक्षित आजवर नापास झालो आहोत.