गणितातील गमती : खोटे मूळ

बीजगणित म्हटले की घरातल्या निम्म्या माणसांच्या कपाळावर आठ्या चढतात. त्यातून चौथ्या घाताचे समीकरण म्हणजे तर पाहायलाच नको! पण रने देकार्त या फ्रेंच पंडिताने १६३७ साली असले एक समीकरण वाचकांच्या डोळ्यांदेखत रचून दाखवले. क्ष−२ ला क्ष−३ ने गुणले, मग क्ष−४ ने, शेवटी क्ष+५ ने. चौथ्या घातापासून खाली येत सहगुणक लिहिले तर १, −४, −१९, १०६, −१२०. आणि हे सारे बरोबर शून्य.

जे गुणून बांधले ते भागून सुटते. पूर्णांक मूळ हवे तर १२० ला निःशेष भागणाऱ्या संख्याच तपासायच्या, धन आणि ऋण दोन्ही. २ घ्या. पहिला १ तसाच खाली उतरवा. त्याची दुप्पट −४ मध्ये मिळवा : −२. याची दुप्पट −१९ मध्ये : −२३. पुढे ६०, आणि शेवटी शून्य. बाकी उरली नाही, म्हणजे २ हे मूळ पक्के. शिवाय १, −२, −२३, ६० हे भागाकाराचे सहगुणक आयतेच हाती आले आणि समीकरण एक पायरी खाली उतरले. आता जुन्याकडे पाहायचेच नाही. या नव्या ओळीला तसेच ३ लावा : १, १, −२०, बाकी शून्य. राहिले साधे वर्गसमीकरण. त्याची मुळे ४ आणि −५.

हे −५ देकार्तला सरळ पचले नाही. २, ३, ४ ही 'खरी' मुळे आणि हे 'खोटे', असे तो म्हणतो. आपल्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तही (११५०) अशी अडचण आहे. वानरांच्या कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली. एक बाहेर दिसले. उत्तरे येतात ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा हिस्सा एक. त्यातून तीन वानरे काढायची कशी? आचार्यांनी ५ सोडून दिले, आणि वानरांपुरते ते योग्यच.

देकार्तच्या समीकरणात मात्र वानरे नाहीत. तेथे −५ टाकले की क्ष+५ हा अवयव गेला, आणि उरलेल्या तिघांच्या गुणाकारातून चौथा घात येणार कोठून? म्हणून खोटे म्हणूनही त्याने ते मोजणीत ठेवले. एवढेच नव्हे, एक आड एक चिन्ह बदला, तो सांगतो, म्हणजे खरी मुळे खोटी होतील आणि खोटे खरे. फराळाचे ताट बाजूला सारून करून पाहा : १, ४, −१९, −१०६, −१२०. याला ५ लावा.