पेट्रोलचा भाव व आपली घाई

ज्या दिवशीं पेट्रोलचा भाव चढतो, त्या दिवशीं सोलापुरांत पंपावर, चहाच्या टपरीवर आणि घरोघरच्या पंगतींत एकच विषय निघतो. २०२१ सालीं महाराष्ट्रांत लिटरच्या भावानें शंभरी ओलांडली, तेव्हां तर ज्याच्या घरीं सायकलीवांचून दुसरें वाहन नाहीं तोहि या चर्चेंत हिरिरीनें बोलूं लागला. कोणी सरकारास बोल लावितो, कोणी तेलाच्या कंपन्यांस, कोणी दूरच्या अरबी देशांस. हे बोल अगदींच निराधार असतात असें नाहीं. परंतु मौज अशी कीं, बोल लावून झाला म्हणजे तोच गृहस्थ मूठ पिळून अशा वेगानें निघून जातो, कीं पेट्रोल म्हणजे जणूं पावसाळ्यांतील ओढ्याचें पाणी! वस्तुतः पाण्याच्या बाबतींत सोलापूरकर असा कधींच वागणार नाहीं. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजीच्या घरांत भाजी धुतलेलें पाणीहि झाडास घातलें जातें. मग पाण्याहून कितीतरी महाग असलेली ही वस्तु आपण वाऱ्यावर कां उधळावी, असा माझा प्रश्न आहे.

विचार केला तर पेट्रोलचे भाव दोन आहेत. एक पंपावरील पाटीवर लिहिलेला लिटरचा भाव. दुसरा रस्त्यावर दर किलोमीटरास पडणारा भाव. पहिल्याची चर्चा सर्वजण करितात. दुसऱ्याची फारसा कोणी करीत नाहीं. पहिला भाव आपल्या हातीं नाहीं हें खरें. आपल्या देशास लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या पांच भागांपैकीं चार भागांहून अधिक तेल परदेशांतून येतें. मुंबईच्या कारखान्यांत शुद्ध झालेलें पेट्रोल नळांतून पुण्यावरून आपल्या सोलापुरापर्यंत येतें. डॉलरची किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर व विक्रेत्याचें कमिशन या सर्वांचा भार त्या पाटीवरील आंकड्यावर पडतो. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, तेव्हां अवघ्या कांहीं महिन्यांत जगांतील तेलाचा भाव सुमारें चौपट झाला. २०१७ च्या १६ जूनपासून तर आपल्या देशांत पंपावरील भाव रोजच्या रोज ठरविण्याची पद्धत सुरू झाली. या घडामोडींत सोलापुरांतील एखाद्या शिक्षकाचें वा यंत्रमाग कामगाराचें मत कोण विचारतो?

दुसरा भाव मात्र, सर्वस्वीं नसला तरी बराचसा, आपल्याच मुठींत आहे. गाडी धांवते तेव्हां तिला समोरची हवा बाजूस सारावी लागते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध दुप्पट होत नाहीं. तो चौपट होतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी ९० नें जाऊं लागली, कीं वेग दीडपट वाढला, परंतु हवेचा विरोध सव्वादोनपट झाला. पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा अंगावर घेत जो मोटारसायकलीवरून मोहोळकडे गेला असेल, त्याला हा नियम छातीवर अनुभवास आला असेल. समोरून ताशीं २० किलोमीटरचा वारा येत असेल, तर ५० नें चाललेल्या माणसास हवेचा विरोध ७० च्या वेगाइतका होतो. जादा मूठ पिळून आपण जें पेट्रोल जाळतों, त्याचा मोठा भाग अशा रीतीनें अक्षरशः वाऱ्यावर जातो.

मग मुंगीच्या पावलानें जावें काय? तसेंहि नाहीं. गाडी रांगत असली तरी इंजिनास स्वतःला फिरत ठेवण्यापुरतें पेट्रोल लागतेंच, आणि खालच्या गिअरमध्यें तें फार लागतें. म्हणून लाभाचा वेग मधला असतो. पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था आपल्या देशांत १९७८ सालीं स्थापन झाली. तिचा उपदेश असा कीं, मोटार ताशीं ४५ ते ५५ किलोमीटर वेगानें चालवावी. ८० च्या वेगाशीं तुलना करितां त्याच पेट्रोलांत ४० टक्क्यांपर्यंत अधिक अंतर तोडतां येतें. यांतील ‘पर्यंत’ हा शब्द विसरूं नये. प्रत्येक गाडीस इतका लाभ होईल असें नाहीं. पण लाभाची दिशा ठरलेली आहे.

आतां थोडें गणित करूं. सोलापुराहून पुणें सुमारें २५० किलोमीटर. समजा, एखादी मोटार ८० च्या वेगानें लिटरला २० किलोमीटर ॲव्हरेज देते व १०० च्या वेगानें १६ देते. पहिल्या वेगानें साडेबारा लिटर पेट्रोल लागेल. दुसऱ्यानें साडेपंधरा लिटरांहून थोडें अधिक. लिटरचा भाव १०० रुपये धरला तर फरक ३०० रुपयांहून अधिक झाला. या पैशांत मिळालें काय? तर साडेसदतीस मिनिटें. आणि तींहि वाटेंत चहास थांबलों नाहीं तर! गांवांत हा सौदा याहून खोटा आहे. चार किलोमीटरांस ४० च्या वेगानें सहा मिनिटें लागतात, ६० च्या वेगानें चार. मिळविलेलीं तीं दोन मिनिटें सात रस्त्याच्या तांबड्या दिव्यापाशीं परत द्यावीं लागतात. शिवाय जोरानें ब्रेक दाबतांना, पेट्रोल जाळून मिळविलेला वेग नुसती उष्णता होऊन जातो.

संकट आलें म्हणजे राष्ट्रेंहि हेंच शिकतात. दुसऱ्या महायुद्धांत आपल्या देशांत पेट्रोल मापून मिळूं लागलें व कित्येक मोटारी कोळशाच्या वायूवर चालविण्यांत आल्या. १९७४ सालीं अमेरिकेनें कायदा करून मोटारींचा वेग ताशीं ५५ मैलांवर, म्हणजे सुमारें ८८ किलोमीटरांवर आणला. परंतु असंख्य लोकांनीं तो पाळला नाहीं, म्हणून अपेक्षेइतकी बचत झाली नाहीं, व १९९५ सालीं तो रद्द झाला. यावरून मला वाटतें कीं, हें काम कायद्यापेक्षां संवयीचें आहे.

कोणी म्हणेल, ‘महागाई करणारे दुसरे, आणि उपदेश मात्र आम्हांस!’ आक्षेप रास्त आहे. करांविषयीं जाब विचारावा, गांवांत पुरेशा बसगाड्या हव्यात असा आग्रहहि धरावा. पोटासाठीं दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या रिक्षावाल्यास तर काटकसर शिकविण्याचा मला अधिकारच नाहीं. ती त्याला माझ्याहून अधिक येते. परंतु दुसऱ्याच्या चुकीचा दंड आपण आपल्या हातानें दुप्पट कां करावा? लिटरचा कर सरकार बसवितें. घाईचा कर मात्र आपणच आपल्यावर बसवितों.

आणि येथें, विद्यार्थिमित्रांनो, तुमचा संबंध येतो. गाडीची मूठ तुमच्या हातीं नाहीं, व परवान्याचें वय होईपर्यंत ती नसावीच. परंतु सकाळीं वडिलांना घाई कोण करवितें? उठावयास उशीर झाला, वही सांपडेना, आणि घंटा होण्यास दहा मिनिटें उरलीं. मग वडील मूठ पिळतात, आणि मागें बसलेल्या मुलाचा जीव व घरचा पैसा दोन्ही एकदम धोक्यांत येतात. तेव्हां एक प्रयोग करून पहा. महिनाभर पंधरा मिनिटें आधीं निघा. टांकी भरल्यावर गाडीच्या मीटरवरील आंकडा वहींत लिहून ठेवा. पुन्हां टांकी पूर्ण भराल तेव्हां तोडलेल्या किलोमीटरांस नव्यानें भरलेल्या लिटरांनीं भागा. दुसऱ्या महिन्यांत नेहमींप्रमाणें वागून तेंच गणित पुन्हां मांडा. रस्ता तोच, ओझें तेंच व टायरांतील हवा योग्य असावी, म्हणजे तुलना खरी होईल. उत्तर काय येतें तें वडिलांना दाखवा. पंपावरील पाटी आपल्याला बदलतां येत नाहीं. पण घरांतील गजर पाव तास अलीकडे लावणें कोणासहि अशक्य नाहीं.