फाशावर चालणारी चळवळ? मुलांनी बनवलेल्या एका खेळाच्या निमित्ताने

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळची अभ्यासिका चालते. तिथल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी यंदा भीमजयंतीसाठी एक खेळ तयार केला. पुठ्ठ्यावर १०० घरांचा पट, बाटलीच्या झाकणांच्या सोंगट्या, एक फासा आणि हाताने लिहिलेली ९६ प्रश्नकार्डं. फासा टाकायचा, सोंगटी पुढे न्यायची, कार्ड उचलायचं. उत्तर आलं तर तिथेच थांबायचं, चुकलं तर दोन घरं मागे. पहिलं घर महू, शंभरावं दीक्षाभूमी. मध्ये साप आणि शिड्या. मुलं म्हणाली, "ताई, परीक्षक तुम्ही. खरं खरं सांगा."

मी तीन डाव खेळले आणि मुलांना जे सांगायचं ते सांगितलं. तरीही हा लेख लिहिते आहे, कारण या खेळातल्या उणिवा मुलांच्या नाहीत. त्या आपण मोठ्यांनी, आपल्या जयंती मंडळांनी आणि सामान्यज्ञान स्पर्धांनी त्यांना दिलेल्या आहेत.

आधी जमेची बाजू. बाजारातल्या कुठल्या खेळात आपला इतिहास असतो? मुलांनी तो स्वतः शोधून स्वतःच्या अक्षरात लिहिला. कार्डामागचं उत्तर सर्वांना ऐकू जाईल असं वाचायचं, हा नियम तर उत्तमच. हरणारासुद्धा काहीतरी शिकून उठतो. दोन कार्डांत चूक होती. एकावर संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी लागू झालं असं होतं. त्या दिवशी ते स्वीकारलं गेलं, पूर्णपणे अमलात आलं २६ जानेवारी १९५० रोजी. दुसऱ्यावर चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि मनुस्मृतिदहन एकाच दिवशी दाखवलं होतं. पहिली घटना २० मार्च १९२७ची, दुसरी त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरची. अशा चुका पाच मिनिटांत दुरुस्त होतात. खरी अडचण वेगळी आहे.

दुसऱ्या डावात वस्तीतली एक आजी येऊन बसली. तरुणपणी नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेली बाई. तिच्या वाट्याला कार्ड आलं : मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार कोणत्या तारखेला झाला? आजी म्हणाली, "तारीख नाही रे बाळा ध्यानात. संक्रांत होती त्या दिवशी." कार्डावर उत्तर होतं १४ जानेवारी १९९४. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग नियम सांभाळणारा मुलगा हळूच म्हणाला, "आजी, तारीखच पाहिजे." सोंगटी दोन घरं मागे गेली. आजी त्या दिवसांचं काही सांगू लागली होती, पण तोवर फासा पुढच्याच्या हातात गेला होता.

इथे थांबून विचार करा. जिने तो लढा अंगावर घेतला ती मागे गेली आणि ज्याने ती तारीख आदल्या रात्री पाठ केली तो पुढे गेला. कोणतं ज्ञान ज्ञान म्हणून मोजायचं, हे ठरवणारी व्यवस्था आपल्याला नवी नाही. शतकानुशतकं पाठांतर हीच विद्वत्ता आणि ते पाठांतर मोजक्यांच्याच घरी, अशी रचना या देशात होती. आपण आपल्याच विहारात, आपल्याच पटावर तिची छोटी नक्कल करतो आहोत का?

मी ती ९६ कार्डं वेगळी करून बघितली. 'कधी' आणि 'कुठे' विचारणारी ६१. 'कोण' विचारणारी ३१. 'का' विचारणारी चार. स्त्रियांवरची सात, त्यातली पाच रमाई आणि सावित्रीबाईंवर. जुलै १९४२मध्ये नागपूरला झालेल्या महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे कुठेच नाहीत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढून कितीतरी वर्षं झाली, तरी आपला पट पुरुषांनीच भरलेला.

कोणी म्हणेल, तारखा नकोत का? हव्यात. तारखांशिवाय इतिहास म्हणजे मोबाइलवर फिरणारी अफवा. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना त्या लागतातच. पण एकटी तारीख मुकी असते. दुसऱ्या तारखेशेजारी ठेवली की ती बोलते.

महाडचंच बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३मध्ये मंजूर झाला होता. जानेवारी १९२४मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. मग मार्च १९२७मध्ये सत्याग्रह करायची वेळ का आली? कारण कागदावर खुलं झालेलं पाणी प्रत्यक्षात बंदच होतं. सत्याग्रहानंतर नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७मध्ये. आता आजीचं कार्ड याच्याशेजारी ठेवा. नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला २७ जुलै १९७८ रोजी. त्यानंतर मराठवाड्यात घरं जळली, माणसं मारली गेली आणि नामविस्तार झाला १९९४मध्ये. तळं असो की विद्यापीठ, ठराव आणि अंमल यांच्या मधली वर्षं लोकांना स्वतःच्या अंगावर काढावी लागली. हा धडा ज्याला कळला, तो उद्या शिष्यवृत्तीचा शासन निर्णय निघूनही पैसे का आले नाहीत, हे विचारायला कार्यालयात जाईल. नुसती तारीख पाठ असलेला जाणार नाही.

दुसरा मुद्दा फाशाचा. सापशिडीचा पट निरागस नाही. मोक्षपट म्हणून आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पटांत शिडी म्हणजे पुण्य, साप म्हणजे पाप आणि शेवटी मोक्ष. माणूस वर जातो की खाली येतो, हे फासा ठरवणार आणि त्याला कर्माचं फळ म्हणायचं! मुलांच्या पटावर 'शिक्षण' ही शिडी आहे आणि 'जातिव्यवस्था' हा साप. हेतू चांगलाच आहे. पण शिक्षणाच्या शिडीवर कोण पोहोचणार, हे खेळात नशीब ठरवतं. जातीच्या सापाच्या तोंडी कोण पडणार, हेही नशीबच. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ठामपणे नाकारला. तोच मागच्या दाराने आपल्या पटावर येऊन बसला आहे. शिवाय जात हा रस्त्यात अचानक भेटणारा साप नाही. ती खेळ सुरू होण्याआधीच प्रत्येकाला वेगळ्या घरात उभं करते. याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात.

तिसरा मुद्दा जिंकण्याचा. जो आधी दीक्षाभूमीवर पोहोचेल तो जिंकला. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे कोणी एकटं आधी पोहोचलं नव्हतं, लाखो माणसं बरोबर उभी होती. एकाने पुढे निघून जायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हे आपल्या समाजात खेळाबाहेरही बरंच चाललंय.

"खेळ आहे, खेळासारखा घ्या ना," असं एक कार्यकर्ता मित्र मला म्हणाला. मला ते पटत नाही, कारण खेळाचे नियम विचार शिकवतात. आज घराघरांत 'व्यापार' म्हणून खेळला जाणारा खेळ ज्या कुळातला आहे, त्याचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईच्या खेळात आहे. १९०४मध्ये तिला त्याचं पेटंट मिळालं. जमिनीची मक्तेदारी भाडेकरूंना कशी कंगाल करते, हे तिला दाखवायचं होतं. पुढे तिने नियमांचे दोन संच दिले : एकात एक जण सगळं गिळतो, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सर्वांचा फायदा होतो. बाजारात टिकला तो पहिलाच. पट तोच असला तरी नियम बदलला की शिकवण उलटी होते.

म्हणून मुलांपुढे मी चार सूचना ठेवल्या. एक, फासा काढा. सोंगटी किती घरं जाईल ते उत्तराने ठरू द्या : 'कधी'ला एक घर, 'का'ला तीन. दोन, 'का'चं उत्तर सर्वांनी मिळून द्यायचं आणि सगळ्या सोंगट्या शेवटच्या घरात पोहोचल्या तरच डाव जिंकला. तीन, घटनांची कार्डं क्रमाने मांडून त्यांच्यातला संबंध सांगायचा. चार, साक्षीदार कार्ड. ते निघालं की खेळ थांबवायचा आणि बसलेल्या मोठ्या माणसाने पाहिलेलं सांगायचं. ते कधीही चूक धरायचं नाही.

फासा काढायला मुलं तयार नाहीत. "ताई, मग मजाच जाईल," असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काही अंशी बरोबर असेल, त्यावर आमचा वाद अजून चालू आहे. साक्षीदार कार्ड मात्र त्यांनी त्याच दिवशी कापायला घेतलं. या रविवारी ती वही घेऊन आजीच्या घरी जाणार आहेत. तुमच्याही वस्तीत अशी एखादी आजी असेल. जयंतीच्या वर्गणीतून वह्या-पेनं घ्या आणि मुलांना तिच्याकडे पाठवा. ती सांगायची थांबण्याआधी.

जय भीम.