घाट चढण्याआधीचा घास

कराड-चिपळूण रस्त्याची एक खोड आहे. मलकापूरहून सायकलवर निघालं की पाटण, कोयनानगर, हेळवाकपर्यंत हा रस्ता फारसा छळत नाही. चढ आहे, पण अंगावर येणारा नाही. पुढे कुंभार्ली घाट लागतो तोही उताराचा. पोफळीला पोहोचेपर्यंत गडी खुशीत असतो. मग सायकल वळवायची आणि तोच घाट चढून परत यायचं. म्हणजे जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास किलोमीटरच्या दिवसातला सगळ्यात कठीण चढ निम्मं अंतर संपल्यावर येतो, ऊन वर आलेलं असतं आणि सकाळची न्याहारी केव्हाच जिरलेली असते. डोंगरी ट्रायथलॉनची तयारी करायला सातारा-सांगली पट्ट्यात याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही. पावसाळा मात्र टाळावा. धुकं, खड्डे आणि मालवाहू ट्रक यांच्यात सरावाचं काही साधत नाही.

आपण प्रशिक्षक मंडळी या रस्त्यावर खेळाडूंचे पाय घडवतो, छाती घडवतो. पोटाकडे बघत नाही. उपाशीपोटी दोन-तीन तास सायकल मारणं आपल्याकडे अजूनही कणखरपणाचं लक्षण मानलं जातं. मग शर्यतीच्या दिवशी त्याच खेळाडूच्या हातात आपण कधी न चाखलेली जेलची पाकिटं देतो आणि सत्तराव्या किलोमीटरला त्याला उलटी झाली की ‘पोट नाजूक आहे’ म्हणतो. पोट नाजूक नसतं, त्याला कुणी सराव दिलेला नसतो.

मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झ्युरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा अशा शर्यतीसाठी परदेश गाठावा लागे. २० ऑक्टोबर २०१९ ला पणजीत आयर्नमॅन ७०.३ झाली आणि १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं हा पल्ला मलकापूर-कराडच्या खेळाडूसाठी एका दिवसाच्या प्रवासावर आला. उमेदवार वाढले, पण खाण्याचं शास्त्र त्यांच्यापर्यंत त्या वेगाने पोहोचलेलं नाही.

आधी वेगाचं बघू, कारण पोट बिघडायला सुरुवात तिथूनच होते. ७० किलोचा खेळाडू आणि १० किलोची सायकल धरा. ६ टक्के चढावर ताशी १२ किमीने जायला साधारण १८० वॉट लागतात, १५ किमीने जायला सव्वादोनशेच्या वर. सपाटीवर जास्तीचा जोर बराचसा वारा खातो, चढावर तो उंचीच्या कामी येतो. म्हणून चढावर सरासरीपेक्षा पाच-दहा टक्के जास्त जोर लावणं आणि उतारावर पायांना विसावा देणं हिशेबात बसतं. प्रत्यक्षात काय होतं? पायथ्याशी पुढचा गडी दिसतो, मागचा चाक लावतो आणि पहिल्या पाच मिनिटांतच जोर तीस-चाळीस टक्क्यांनी वर जातो. त्या क्षणी काही जाणवत नाही. स्नायूंतला ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतातला ८०-१०० ग्रॅम ग्लायकोजेन हीच काय ती शिल्लक असते, आणि उंबरठ्यावरच्या तीव्रतेला शरीर चरबी बाजूला ठेवून या शिलकेवरच तुटून पडतं. वॉटमीटर नसेल तर साधी कसोटी पुरेशी आहे: चढावर एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गिअरही बघा. पुढे ३४ आणि मागे ३२ दात असतील तर मिनिटाला सत्तरच्या आसपास फेऱ्या राखता येतात. जड गिअरवर उभं राहून घाट रेटणाऱ्याच्या मांड्या धावायच्या आधीच संपतात.

तीव्रता वाढली की रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं आणि जठर रिकामं होणं मंदावतं. त्यात चढावर वेग ताशी दहा-बारा, म्हणजे अंगाला वारा लागत नाही, उष्णता साठत जाते. अशा वेळी घेतलेला घास पोटात तसाच पडून राहतो. उतारावर हात हँडलवरून काढायचा नसतो, तेव्हा तिथेही खाणं नाही. मग खायचं कुठे? याचं उत्तर रस्त्याच्या नकाशात आहे. दर पंधरा मिनिटांनी वाजणारा घड्याळाचा गजर सपाटीवर ठीक, घाटात तो उपयोगाचा नाही. चढ लागण्याआधी दहा मिनिटं एक घास, चढात फक्त घोट, तोही वळणावर चढ सैलावतो तिथे. माथा ओलांडला की श्वास बसेपर्यंत थांबायचं, मग उतार लागण्याआधी दुसरा घास. मार्गाचे हे टप्पे किलोमीटरसह चिकटपट्टीवर लिहून सायकलच्या दांडीवर लावा. नॉर्वेतल्या नॉर्समन शर्यतीत, जी २००३ पासून होते आणि धावण्याचा शेवट गाउस्टाटोपेन डोंगरावर करते, खेळाडूची गाडी आणि माणसं त्याची त्यालाच न्यावी लागतात. कुठल्या वळणावर कोण काय घेऊन उभं राहणार, हे तिथे आधीच ठरलेलं असतं. आपल्या मुलांना अशी माणसं मिळणार नाहीत, दांडीवरची पट्टी मिळेल.

किती आणि काय खायचं? नुसतं ग्लुकोज आतड्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषलं जातं. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा आहे, त्यामुळे दोन्ही मिळून घेतल्यास ही मर्यादा ९० ग्रॅमपर्यंत जाते. बर्मिंगहॅम विद्यापीठात आस्कर यूकेंड्रप आणि सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास हे प्रयोगांनी दाखवलं आणि महागड्या जेलचा धंदा त्यावर उभा राहिला. आपल्या ऊसपट्ट्यात हे मिश्रण गुऱ्हाळावर मिळतं. काकवीतली बहुतेक साखर सुक्रोज असते, म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज, आणि त्यात थोडी दोन्हींची सुटी साखरही असते. ९० ग्रॅम काकवीत साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. ती पाऊण लिटर पाण्यात ढवळा, लिंबू पिळा, पाव चमचा म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास मीठ घाला, की एका तासाची बाटली तयार. काकवी प्रत्येक गुऱ्हाळाची कमी-जास्त दाट असते, म्हणून चमच्याने न मोजता काट्यावर तोला. पाण्यात ढवळलेली काकवी उन्हात आंबते, तेव्हा जास्तीची भरून ठेवू नका. तासाला ६० ग्रॅम पचू लागले की पुढे ७०-८० पर्यंत जावं. वरचे दहा-वीस ग्रॅम केळ्यातून किंवा खजुरातून येऊ देत. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की घरी उत्तम, पण चरबीमुळे घाटात त्यांचं ओझंच होतं.

मिठाबद्दल आम्ही आग्रही आहोत. पावसाळा ओसरल्यावरच्या दमट उकाड्यात घामातून सोडियम भरपूर जातं, आणि मुलं त्यावर साधं पाणी पीत राहतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं. धावताना वजन वाढणं हे त्यामागचं मोठं कारण होतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिणं. शर्यतीनंतर खेळाडूचं वजन सकाळपेक्षा जास्त भरलं तर त्याला आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरांना दाखवा.

धावण्याबद्दल थोडक्यात. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून परत उतरणाऱ्यांना ठाऊक आहे की मांड्या उतारात जातात. आगाशिवच्या डोंगरावर चढण्याइतकाच उतरण्याचा सराव घ्या, छोट्या पावलांनी. सायकलवरून उतरल्यावर पहिले तीन किलोमीटर खाणं पातळच ठेवा.

शर्यतीआधीच्या सहा आठवड्यांत दर रविवारी शर्यतीचं खाणं, शर्यतीच्याच वेळेला, पोफळीहून परतीच्या चढावर घेऊन पाहावं. खेळाडूच्या वहीत तीन गोष्टी याव्यात: तासाला किती ग्रॅम पोटात गेले, चढावर नाडी किती होती, पोट कुठल्या किलोमीटरला कुरकुरलं. आणि चढाच्या मध्येच मळमळ सुरू झाली तर? खाणं थांबवा, गिअर हलका करा, दहा मिनिटं नुसत्या पाण्याचे लहान घोट घेत वेग उतरू द्या, ढेकर येऊ लागले की बाटलीतला एक घोट घेऊन बघा. दहा मिनिटांत पोट शांत झालं नाही तर आणखी दहा द्या.