वल्हवण्याचे यंत्र : आधी बसा, मग विकत घ्या

गेल्या पावसाळ्यात याच सदरात गुडघेदुखीवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो. ज्यांना चालणे जमत नाही त्यांनी घरी वल्हवण्याचे यंत्र, म्हणजे रोइंग मशीन आणावे, गुडघ्यांवर शरीराचा भार न येता सर्वांगाला व्यायाम होतो, असे ते वाक्य होते. ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी ते कात्रण काढून पुण्याच्या मुलाला पाठवले. मुलगा कर्तव्यदक्ष. आठ दिवसांत खोके दारात आले आणि त्यानंतर दहाव्या दिवशी पोस्टमास्तर दोघांच्या खांद्यांवर हात टाकून माझ्या दवाखान्यात आले. कंबर धरली होती. वय ६४, मधुमेह जुना, दोन्ही गुडघे झिजलेले.

नशिबाने चकती सरकली नव्हती, स्नायू आखडले होते. पण दुखणे सहा आठवडे चालले. तेवढ्या काळात देवळापर्यंतचे चालणेसुद्धा बंद झाले आणि आटोक्यात असलेली साखर वर गेली. बरे झाल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘‘डॉक्टर, तुम्ही स्वतः कधी बसला आहात का त्यावर?’’

मी बसलो नव्हतो. वाचून लिहिले होते.

त्यानंतर महिनाभर मी पहाटे एस. टी. स्टँडमागच्या व्यायामशाळेत जाऊन तेथल्या यंत्रावर बसलो. आज लिहितो आहे ते त्या महिन्याच्या जोरावर. बाजारातल्या सगळ्या यंत्रांची तुलना करण्याचा माझा अधिकार नाही. पण कोणते यंत्र कोणत्या शरीराला चालेल हे डॉक्टरने सांगितलेच पाहिजे, आणि मी ते सांगितले नव्हते.

आपल्याकडे कृष्णाकाठी, सांगलीला, पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात. त्या पाहत वाढलेल्या माणसाला वल्हवणे म्हणजे दंडांचे काम वाटते. माझीही तीच समजूत होती. या यंत्रावर मात्र बैठक मागेपुढे सरकते आणि खरी ताकद पायांची लागते. पावले पट्ट्यांत अडकवायची, गुडघे दुमडून पुढे यायचे, मूठ धरायची आणि आधी पायांनी रेटा द्यायचा. पाय जवळजवळ सरळ झाले की कमरेच्या खुब्यातून धड किंचित मागे न्यायचे, आणि अगदी शेवटी हातांनी मूठ बरगड्यांच्या खालच्या टोकाशी आणायची. परतताना उलटा क्रम. आधी हात सरळ, मग धड पुढे, मग गुडघे. जायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ यायला घ्यायचा. मिनिटाला १८ ते २२ फेऱ्या नवशिक्याला पुष्कळ होतात. पहिल्या दिवशी मी हातांनीच ओढत होतो. व्यायामशाळेतला पंचविशीचा पोरगा हसून म्हणाला, ‘‘काका, विहिरीतून पाणी काढताय काय?’’

या क्रमातच सगळे मर्म आहे. पाय सरळ होण्याआधी पाठ वाकवून ओढले की सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर जातो. जन्मभर वल्हवणाऱ्या कसलेल्या खेळाडूंनाही सर्वांत जास्त दुखापत कमरेचीच होते. मग चौसष्टीच्या पोस्टमास्तरांचे काय होणार?

त्यांचे यंत्र मी घरी जाऊन पाहिले. दोन तेलाच्या नळकांड्या, दोन वेगळे दांडे आणि मधे दोन-अडीच फुटांची सळई. पोस्टमास्तर साडेपाच फुटांच्या वरचे. बैठक मागच्या टोकाला जाऊन आपटे तरी त्यांचे पाय सरळ होत नसत. म्हणजे पायांचे काम यंत्राने होऊच दिले नाही आणि उरलेले सगळे कमरेने केले. पंधरा मिनिटांत तेल तापते आणि दांडे हलके पडतात. ते हलके पडले म्हणून पोस्टमास्तर अधिक जोराने ओढत. त्यांची चूक नव्हती, माहितीपत्रकावर तरुण पैलवानाचे चित्र होते आणि सळईची लांबी कुठेच छापलेली नव्हती.

तेव्हा माझे पहिले स्पष्ट मत असे की तेलाच्या नळकांड्यांचे छोटे यंत्र, कितीही स्वस्त असले आणि पलंगाखाली मावत असले, तरी चाळिशी उलटलेल्याने घेऊ नये. स्वस्त म्हणून आणायचे आणि त्याच्या दुप्पट पैसे माझ्यासारख्यांना द्यायचे, यात शहाणपण नाही.

उरली तीन प्रकारची यंत्रे. पंख्याचे, चुंबकाचे आणि पाण्याच्या टाकीचे. पाण्याचे दिसायला देखणे, लाकडी, आणि आवाजही नदीसारखा. पण टाकीतले पाणी हिरवे होऊ नये म्हणून त्यात गोळ्या टाकत राहाव्या लागतात आणि ते महागही असते. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर घ्यावे. पंख्याच्या यंत्रात आपण जितके जोरात ओढू तितका वारा विरोध करतो, म्हणून ते लहानमोठ्या सर्वांना आपोआप जुळते. होडीवर सराव करणारे खेळाडू हेच वापरतात आणि त्यांची २००० मीटरची चाचणीही यावरच होते. अमेरिकेत दोघा भावांनी १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘कन्सेप्ट टू’च्या यंत्रापासून हा प्रकार जगभर पसरला. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या वल्हवण्याच्या शर्यतीत उतरला होता. त्याच्यासारख्यांना हे यंत्र रोजच्या भाकरीइतके ओळखीचे. मात्र पंखा घोंघावतो. पहाटे पाच वाजता भिंतीला भिंत असलेल्या घरात तो लावून पाहा, शेजारी आठ दिवसांत बोलणे बंद करतील. शिवाय चांगल्या पंख्याच्या यंत्राच्या किमतीत आपल्याकडे मोटारसायकल येते.

चुंबकाचे यंत्र जवळजवळ मुके असते आणि किमतीला मधले. त्यात विरोध खटक्याने कमीजास्त करता येतो. खेळाडूला ते तितकेसे रुचत नाही, पण आपल्याला शर्यत जिंकायची नाही. माझ्या मते साध्या घराला हेच बरे. फक्त ते विजेच्या प्लगवर चालणारे आहे की पडद्यापुरत्या सेलवर, हे आधी विचारावे. वीज गेली म्हणून व्यायाम राहिला, ही सबब आपल्या भागात कोणालाही सहज मिळते.

पण प्रकारापेक्षा मोठी गोष्ट आहे ती बैठकीच्या उंचीची, आणि तिच्याबद्दल दुकानदार बोलत नाहीत. नेहमीचे पंख्याचे यंत्र जमिनीपासून सुमारे १४ इंच उंच असते. जेवणाची खुर्ची साधारण १८ इंच. ज्याचे गुडघे दुखतात त्याला १४ इंचांवर बसता येईल, पण उठताना तो काय धरणार? सरकणाऱ्या बैठकीवरून उठायचे म्हणजे बूड मागे पळते. व्यायामशाळेत मी दोनदा जमिनीवर बसलो, आणि माझे गुडघे अजून शाबूत आहेत. उंच पायांची यंत्रेही मिळतात, त्यांची बैठक २० इंचांवर असते. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला त्यावर कोणाचा हात न धरता बसता-उठता आले पाहिजे. ते जमत नसेल तर बाकीचे गुण फुकट.

दुसरे, सळईची लांबी. मागे गेल्यावर पाय पूर्ण सरळ व्हावेत आणि बैठक टोकाला आपटू नये. चांगले यंत्र आठ फूट लांब असते आणि वापरताना नऊ बाय चार फुटांची मोकळी जागा लागते. खोली टेपने मोजा, अंदाजाने नाही. दुमडून ठेवता येते म्हणून घेतलेले यंत्र बहुधा दुमडलेलेच राहते, असे मी चार घरांत पाहिले आहे. त्यातल्या दोन घरांत त्यावर टॉवेल वाळत होते. तिसरे, पाय अडकवायच्या पट्ट्या. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे त्यांना पट्टी काचते ते कळत नाही. त्यांनी मोजे आणि बूट घालूनच बसावे आणि उठल्यावर रोज पावले पाहावीत. ही गोष्ट मी पोस्टमास्तरांना तेव्हाच सांगायला हवी होती.

आकड्यांच्या पडद्याला फार किंमत देऊ नका. त्यावर दिसणाऱ्या कॅलरी हा अंदाज असतो, तुमचे वजन त्याला ठाऊक असतेच असे नाही. पंख्याच्या यंत्रावर बाजूला एक ते दहाची खूण असते, तिचाही असाच गैरसमज आहे. दहावर लावले म्हणजे दुप्पट व्यायाम झाला असे नव्हे. ती सायकलच्या गिअरसारखी आहे. तीन ते पाचच्या दरम्यान ठेवावी.

आता कोणी बसू नये. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचा रक्तदाब गोळ्यांनीही आटोक्यात नाही, ज्यांची चकती सरकलेली आहे किंवा कळ पायात उतरते, ज्यांना हर्निया आहे अथवा पोटाचे ऑपरेशन अलीकडे झाले आहे, ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाने रक्तस्राव झाला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. गुडघे झिजलेल्यांनी पुढे येताना गुडघा दुखेल इतका दुमडू नये, काटकोनावर थांबले तरी चालते. श्वास कोंडून ओढू नये. शेजारच्याशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतकाच दम लागावा. सुरुवात पाच मिनिटांची, आणि वाढवायची ती आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी.

मग यंत्र घ्यावेच का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले की मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत. वल्हवण्याने दम वाढतो, मांड्या आणि पाठ बळकट होते. पण ते बसून करायचे असल्याने तोल सुधारत नाही, आणि हाडांना चालण्याने जो भार मिळतो तो मिळत नाही. ज्याला चालता येते, सूर्यनमस्कार घालता येतात, त्याने पैसे वाचवावेत असे मी अजूनही म्हणेन. पण ज्याचे गुडघे चालू देत नाहीत, किंवा ज्या बाईंना अंधारात कुत्र्यांच्या भीतीने पहाटे बाहेर पडता येत नाही आणि दिवसा कामातून उसंत नाही, त्यांना घरात बारा महिने चालणारे हे साधन आहे. त्यांना मी नको म्हणणार नाही. त्यांनी आधी एखाद्या व्यायामशाळेत महिन्याची फी भरावी. महिनाभर गेलात तर यंत्र घ्या. दहा दिवसांत कंटाळलात तर पैसे वाचले. आणि घरपोच मागवायचेच असेल तर परत घेण्याची अट लेखी असल्याशिवाय मागवू नका. पोस्टमास्तरांच्या मुलाला विक्रेत्याने खोके उघडले या कारणावरून यंत्र परत घेतले नाही. ते अजून त्यांच्या माडीवर आहे.

पोस्टमास्तर गेले दोन महिने माझ्याबरोबर व्यायामशाळेत येतात. सुरुवातीला त्या पोराने बैठकीखाली दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून यंत्र उंच करून दिले. आता त्यांची बारा मिनिटे होतात. परवा ते पडवी मोजून आकड्यांचा कागद घेऊन आले. लांबी नऊ फुटांना चार बोटे कमी पडत होती. ‘‘दार बाहेर उघडेल असे करून घेतो,’’ म्हणाले, ‘‘सुताराला बोलावले आहे. पण यंत्र कोणते घ्यायचे ते या खेपेला मुलाला मी सांगणार.’’