कॉलेजची खरी फी

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून जी चर्चा सुरू होते, ती मुलाच्या बुद्धीविषयी क्वचितच असते. बहुधा ती पैशाविषयी असते. "कॉलेजचा खर्च आपल्याला कसा झेपणार?" असे घरातील वडील मंडळी विचारतात आणि विषय तेथेच संपतो. हा प्रश्न गैर आहे असे मी म्हणत नाही. तो अपुरा आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

फीचा भाग तुलनेने सोपा आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना 1944 सालापासून चालत आलेली आहे, आणि ज्या अनुसूचित जातीच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत आहे, त्याच्या मुलांना फीबरोबर निर्वाहभत्ताही आज मिळतो. बौद्ध झाल्याने हा हक्क जातो, अशी धास्ती नुकत्याच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत अजूनही आढळते. या धास्तीला एकेकाळी आधार होता. 1956 च्या धर्मांतरानंतर आपले बांधव केंद्र सरकारच्या सवलतींना मुकले. महाराष्ट्र राज्याने 1960 साली आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस दिल्या, आणि 1990 साली संसदेने कायदा करून अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू व शीख यांच्या जोडीस बौद्ध हा शब्द घातला. ज्यांची मूळ जात त्या यादीत आहे, त्यांनी प्रवेशाच्या अर्जात धर्म बौद्ध असा निर्भयपणे लिहावा.

परंतु कॉलेजची खरी फी कॉलेजच्या कचेरीत भरावयाची नसते. बारावी झालेला मुलगा गोदामात किंवा दुकानात समजा महिना दहा हजारांवर लागला, तर तीन वर्षांत ते तीन लाख साठ हजार रुपये होतात. मुलास कॉलेजात घातले म्हणजे घराने ही रक्कम सोडून दिली. कोणतेही सरकार ती भरून देत नाही. ती बहुधा आई भरते, किंवा थोरला भाऊ आपले लग्न पुढे ढकलून भरतो, किंवा पावसाळ्यात गळणारे छप्पर आणखी दोन वर्षे तसेच राहते. म्हणून हा हिशेब सर्व कुटुंबाने एकत्र बसून कागदावर मांडावा, आणि तोही मुलाच्या देखत. घर आपल्यासाठी काय सोडीत आहे हे ज्याने आकड्यांत पाहिले, तो तास चुकवून कट्ट्यावर बसण्यापूर्वी थोडा तरी विचार करील. (सगळेच करतील असे नव्हे, कट्ट्याची ओढ मलाही ठाऊक आहे.)

मुलीच्या बाबतीत तर हा हिशेब मांडलाच जात नाही. तिचा पगार जमेस धरला जात नाही, धरले जाते ते तिचे घरकाम. आणि बारावीचा निकाल येण्याआधीच स्थळे येऊ लागतात. मुलाला जी तीन वर्षे आपण कष्टाने देतो, तीच मुलीला द्यावयास आपले मन कचरत असेल, तर अडचण केवळ पैशाची आहे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.

"आधी नोकरी धरू दे, मग शिकेल," असे पुष्कळजण म्हणतात. बाबासाहेबांनी नोकरी केली होती. 1918 साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात महिना साडेचारशे रुपये वेतनावर प्राध्यापक झाले. त्या काळी हे वेतन थोडे नव्हते. तरीही त्यांनी काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राचे कर्ज तीत मिळविले आणि 1920 साली अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते लंडनला परत गेले. नोकरी त्यांनी शिक्षणाच्या सेवेस लावली. आपल्याकडे याच्या उलट घडते. पहिला पगार हातात आला की हप्ता येतो, हप्त्यामागून दुसरा हप्ता येतो, आणि "मग" म्हणून ठेवलेले कॉलेज कायमचे मागे पडते. ज्या घरात दुसरा कमावता हातच नाही, त्याला हे सांगणे निष्ठुरपणाचे होईल. अशांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारखी सोय आहे आणि तिचा उपयोग अवश्य करावा. मात्र ज्याला रोज वर्गात बसणे शक्य आहे, त्याने घरबसल्या पदवीवर समाधान मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पदवी मिळाली म्हणजे नोकरी मिळतेच, असे आश्वासन मी कोणास देणार नाही. पण वकिलीच्या धंद्यात मी नित्य पाहतो ते हे की, खरेदीखतावर, कर्जाच्या कागदावर, भावकीच्या हक्कसोडपत्रावर माणसे न वाचता सह्या करतात आणि नंतर आमच्याकडे येतात. ज्या घरात कागद शेवटपर्यंत वाचणारे व "हे कलम कशासाठी?" असे विचारणारे एक माणूस आहे, त्या घरास वकिलाची गरज कमी पडते. हे सांगण्यात माझे नुकसानच आहे.

आता कागदांविषयी. वैद्यकी, अभियांत्रिकी इत्यादी अभ्यासक्रमांस जातपडताळणीचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. जी जात आपण टाकून दिली तिचे नाव कागदावर कशाला, असे नवदीक्षित तरुण मला चिडून विचारतात. ते नाव आपली श्रद्धा सांगत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांवर कोणत्या नावाने अन्याय झाला, एवढेच ते सांगते, आणि कायदा त्या अन्यायाची भरपाई करीत असल्याने त्यास ते नाव हवे असते. आजोबा दुसरी-तिसरीपर्यंत जरी शाळेत गेले असतील तरी त्या शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ आज नातवाच्या कामी येते. शाळेची नोंद नसेल तर तहसील कचेरीत कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंदवही अथवा जुने महसुली उतारे शोधावे लागतात. त्यास महिने लागतात, आणि जीर्ण पाने दरवर्षी थोडी अधिक फाटतात. मूल अकरावीत गेले की त्याच वर्षी हे काम हाती घ्यावे, आणि मूळ कागद कोणाच्याही हाती न देता नकलाच द्याव्यात.